एकवीस नोव्हेंबरचे मानकरी

राहाता,
४ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस,
अनन्याचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत भेटून पंधरा दिवस झाले नाहीत तोच ही पत्र कशाला लिहिते, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर आपल्या दोघांचं काही जमत नाही. मी एखाद्या शब्दाला अडखळते, तुम्हाला वाटतं फोन बंद पडला, तुम्ही हॅलो हॅलो सुरू करता आणि मग मी आणखीच अडते. आई म्हणाली, पत्र लिही. पत्रात कुणी अडखळत नाही आणि वाचायला कान लागत नाहीत. तुम्ही रागावू नका, हे आईचं वाक्य आहे.

आमची शाळा सुरू झाली. बाबांची बदली झाल्यावर जूनमध्ये मी या शाळेत आले तेव्हा कुणाशी बोलायची वेळच येऊ नये असं वाटायचं, आणि पाच महिने ते बऱ्यापैकी साधलंही. आता मात्र अडकले. रोज सकाळी मैदानात परिपाठ असतो. प्रार्थना, सुविचार, बातम्या आणि मग दिनविशेष, म्हणजे आजच्या तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं ते. आतापर्यंत कुणीतरी भराभर सनावळी वाचायचं आणि कुणी ऐकायचं नाही. आमच्या वर्गाच्या सुरेखा मॅडमनी दिवाळीनंतर नवा नियम केला. सातवीतल्या ज्याचा वाढदिवस असेल त्यानं त्या दिवशीचा दिनविशेष सांगायचा. वाचायचा नाही, सांगायचा, आणि पहिलीच्या मुलांना कळेल असा.

माझा वाढदिवस एकवीस तारखेला. शाळा तर आहेच त्या दिवशी, मी कॅलेंडर तीनदा पाहिलं.

आजोबा, शब्दाच्या सुरुवातीचे प, फ, ब, म हे माझे वैरी आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. ओठ मिटले की उघडतच नाहीत. तुम्ही कँटोन्मेंटच्या ऑफिसात इतके अर्ज लिहिलेत, तुमच्या अर्जाला कुणी नाही म्हणत नसे असं तुम्हीच सांगता. तर मॅडमना एक अर्ज लिहून द्याल का? घसा बसला आहे, असं काहीतरी. बाबा नाही म्हणाले. आईला विचारलंच नाही.

आजीला नमस्कार. गेल्या खेपेसारखं पत्र चष्म्याच्या डबीत ठेवून विसरू नका, लगेच उत्तर द्या.

तुमची,
अनन्या


भिंगार,
८ नोव्हेंबर २०२५

चि. अनन्या हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पावलं. दोनदा वाचलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा तुझ्या आजीला मोठ्यानं. ती म्हणाली, एवढं ओरडू नका, बहिरी मी नाही.

अर्ज लिहून देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न नाही, वयाचा आहे. खोटं लिहिलं की काय लिहिलं होतं ते पुढे लक्षात ठेवावं लागतं, आणि मला आता चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही. शिवाय घसा बसलाय म्हटल्यावर मॅडम तुला गुळण्या करायला लावतील, ते वेगळंच.

तू अडखळतेस, मला ऐकू येत नाही, म्हणजे आपलं घराणं सारखंच चाललं आहे. परवा शेजारच्या आदिनाथनं फाटकातून विचारलं, काका, तब्येत कशी आहे. मी म्हणालो, दोन खोल्या आणि मागे अंगण. तो बिचारा मान डोलावून निघून गेला. मुंबईच्या काकानं घेऊन दिलेलं कानाचं यंत्र कपाटात आहे. एकदा लावलं होतं, तर कुणीतरी डोक्यात भांडी आपटतंय असं वाटलं. काढून ठेवलं.

पण तुझ्या तारखेनं मला कामाला लावलं. इथल्या वाचनालयात जाऊन बसलो. तुझा दिवस साधा नाही, अनन्या. इसवी सन १७८३, एकवीस नोव्हेंबर. त्या दिवशी माणूस पहिल्यांदा दोरखंडाचा आधार सोडून आकाशात फिरला. गाव पॅरिस. दोघे भाऊ होते, घरचा धंदा कागदाचा. होळीत टाकलेल्या कागदाचा काळा पापुद्रा जळता जळता वर वर जातो, तो तू पाहिला आहेस. गरम हवा हलकी होते आणि वर जाते, सोबत जे असेल ते घेऊन जाते. या भावांनी कापड आणि कागद जोडून घराएवढा फुगा केला आणि त्याच्या तोंडाशी गवताचा जाळ केला.

वर माणूस जगेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून दोन महिने आधी, सप्टेंबरात, राजासमोर त्यांनी फुग्याला पिंजरा बांधून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर पाठवला. तिघेही जिवंत परतले. कोंबड्याच्या पंखाला लागलं होतं. मोठी चर्चा झाली की वरच्या हवेनं लागलं का. शेवटी कुणी म्हणालं, मेंढीनं लाथ मारली असावी.

तरी राजा म्हणाला, माणूस पाठवायचाच तर फाशीचे कैदी पाठवा. त्यावर एक तरुण पुढे आला आणि म्हणाला, आकाशात पहिलं जाण्याचा मान कैद्याला का, मी जातो. त्याला एक जोडीदार मिळाला. दोघे निघाले. हा जोडीदार खालचं गाव बघण्यात इतका रमला की पहिल्याला सांगावं लागलं, बाबा रे, जाळात गवत टाक, आपण खाली चाललोय. मध्येच ठिणग्यांनी कापडाला भोकं पडायला लागली, तेव्हा ओल्या बोळ्यानं ती विझवत विझवत दोघे नदी ओलांडून गावाबाहेर उतरले. अर्ध्या तासाच्या आतला खेळ, पण त्याआधी तेवढाही कुणी खेळला नव्हता.

हे तू सांगायचं नाहीस तर कुणी? आणखी काय काय घडलं ते तू शोध. तुझी तारीख आहे, सगळं मीच का करायचं.

लोभ कमी करू नये, पत्र लांबवू नये.

तुझा आजोबा,
शामकांत


राहाता,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आणि आई खूप हसलो. दोन खोल्या आणि मागे अंगण हे आता आमच्याकडे रोज चालतं. बाबांनी काल विचारलं भाजी कसली, तर आईनं हेच उत्तर दिलं.

पण आजोबा, तुमची गोष्ट मी आरशासमोर सांगून पाहिली. पॅरिस. फुगा. मेंढी. बदक. पिंजरा. फाशी. सगळे माझे वैरी एका जागी गोळा केलेत तुम्ही. एकटा कोंबडा माझ्या बाजूचा. मी शब्द बदलून पाहिले. पॅरिसऐवजी 'एका परदेशी गावात' म्हणावं, तर त्यातही प. मेंढीऐवजी शेळी चालेल का? आई म्हणाली, राजाला विचार.

एकवीस नोव्हेंबरचं मीही शोधलं. १९६३ साली याच दिवशी आपल्या देशातून पहिलं रॉकेट आकाशात गेलं. केरळात समुद्रकाठी थुंबा नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथून. तिथं एक चर्च होतं. शास्त्रज्ञांना नेमकी तीच जागा हवी होती, तर तिथल्या धर्मगुरूंनी लोकांना विचारलं आणि लोकांनी चर्च देऊन टाकलं. त्या चर्चमध्ये ऑफिस झालं. रॉकेटचे भाग तिथं सायकलवरूनसुद्धा नेत, त्याचा फोटो मी पाहिला. रॉकेट बाहेरच्या देशाचं होतं, पण उडवणारे आपले. संध्याकाळी ते उडालं आणि वर जाऊन त्यानं नारिंगी रंगाचा ढग सोडला, वरचा वारा कुठे वाहतो ते कळावं म्हणून. दूरदूरच्या गावांतून लोकांनी तो ढग पाहिला. थुंबा, केरळ, रॉकेट, ढग. बघा, सगळे सोपे शब्द. हा भाग मला आवडला.

आता खरं सांगते. ओम माझ्या वर्गात आहे, बातम्या तोच वाचतो, छान वाचतो. तो परवा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, तुझा दिनविशेष मी सांगू का. त्यात चिडवणं अजिबात नव्हतं. चिडवलं असतं तर मी नाही म्हणून मोकळी झाले असते. तो चांगलं वागला म्हणून मला जास्त वाईट वाटलं. मॅडमनाही विचारलं, त्या म्हणाल्या, अनन्या ठरवेल.

मी रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण झोप लागली. सकाळी ठरवलं ते असं. मी सांगते. पण तुम्ही यायचं आणि यंत्र लावून यायचं. नुसतं खिशात ठेवून नाही. वाढदिवस असेल त्याच्या घरच्यांना परिपाठाला येता येतं, मी विचारून घेतलं आहे. मी अडखळणार हे नक्की, तर निदान ऐकू येणाऱ्या माणसासमोर अडखळावं.

मान्य असेल तर तसं कळवा. मान्य नसेल तर आजीला लिहायला सांगा, म्हणजे मला तुमचा राग येणार नाही.

तुमची,
अनन्या


भिंगार,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. अनन्यास,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे. नकळत म्हणजे समोर बसूनच.

तुझं पत्र आलं ते यांनी वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मला वाचून दाखवलं नाही. मग कपाट उघडलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. यंत्र लावलं, आरशात पाहिलं आणि खुर्चीत ताठ बसले, फोटो काढायचा असल्यासारखे. मी फोडणी घातली तर धावत आत आले, काय फुटलं म्हणून. मोहरी, मी म्हणाले. मोहरी एवढी तडतडते हे यांना आता कळलं. मग म्हणाले, दारावर कोण टकटक करतंय. घड्याळ होतं, लग्नातलं. जेवताना म्हणाले, प्रेमला, तू पापड फार मोठ्यानं खातेस. मी म्हणाले, तुम्ही भुरके मारता ते मी आजवर ऐकतेच आहे.

संध्याकाळी यंत्र काढून ठेवतील असं वाटलं होतं. काढलं, पण उशाशी ठेवलं. इतक्या जणांनी सांगून झालं, डॉक्टरांनी सांगितलं, मुलांनी सांगितलं, माझं तर सोडूनच दे. आणि तुझ्या एका कागदानं काम केलं. मला तुझा थोडा रागच आला, पण तो बेसनाच्या वड्यांवर काढला. पाठवते त्यांच्याबरोबर.

माझा गुडघा एसटीच्या पायऱ्या चढू देत नाही, म्हणून मी येणार नाही. तू मला नंतर सगळं लिही. सगळं म्हणजे सगळं, कुणी कुठे बसलं होतं तेसुद्धा.

अंगात स्वेटर घालत जा.

तुझी,
आजी


भिंगार,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. अनन्या हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मान्य. एकवीसला सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो. यंत्र कानात असेल. तुझ्या आजीनं मागून काहीबाही लिहिलं असेल, त्यावर विश्वास ठेवू नकोस. ती पापड खरंच मोठ्यानं खाते.

तुझ्या तारखेतली मधली गोष्ट मला सापडली, आणि ती सापडल्यापासून मी खुशीत आहे. १८७७, एकवीस नोव्हेंबर. अमेरिकेत एडिसननं जाहीर केलं की आवाज साठवून ठेवणारं आणि पुन्हा ऐकवणारं यंत्र आपण शोधलं आहे. फोनोग्राफ. (हो, तुझा आणखी एक वैरी.) त्याआधी माणूस बोलला की आवाज गेला, संपला. कितीही मोठा गवई असो, तो गेला की त्याचा गळाही गेला.

लहान मुलांना सांगताना असं सांग. ढोल वाजला की छातीत धडधडतं, म्हणजे आवाज हवेला हलवतो. एडिसननं त्या हलणाऱ्या हवेसमोर एक पातळ पडदा धरला, पडद्याला सुई लावली आणि सुईखाली कथलाचा पातळ पत्रा फिरत ठेवला. बोललं की सुई थरथरते, पत्र्यावर खाचा पडतात. मग तीच सुई त्या खाचांवरून पुन्हा फिरवली की ती तशीच थरथरते आणि यंत्र तेच बोलतं. पहिल्यांदा त्यानं मुलांचं एक बडबडगीत म्हटलं. यंत्रानं ते परत म्हटल्यावर तो स्वतःच चपापला.

आता मुख्य गोष्ट. एडिसनला लहानपणापासून नीट ऐकू येत नव्हतं. आपल्या यंत्राचा आवाज कळावा म्हणून तो त्याच्या लाकडी पेटीला दात लावून ऐकत असे म्हणतात. अनन्या, आवाज साठवायचं यंत्र ज्यानं केलं तो माझ्या पंगतीतला निघाला. वाचनालयात मी एवढ्या मोठ्यानं हसलो की ग्रंथपालबाईंनी पाहिलं. मला त्यांचं शुक् ऐकू आलं. यंत्र लावलेलं होतं.

एक विनंती. शब्द बदलू नकोस. मेंढीची शेळी करू नकोस. माझं यंत्र नवीन आहे, त्याला खऱ्या शब्दांची सवय लागू दे. एखादा शब्द यायला वेळ लागला तर लागू दे, मी निवृत्त माणूस आहे, मला कुठे जायचं आहे.

माझी भाकरी ठेवा, आणि जागा पुढच्या रांगेत.

तुझा आजोबा,
शामकांत


राहाता,
२२ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आईनं तुला फोनवर अर्धं सांगितलं आहे, पण तू सगळं लिही म्हणाली होतीस म्हणून लिहिते. आजोबा शेजारी बसून तुला वेगळं पत्र लिहीत आहेत. मला दाखवत नाहीत, हातानं झाकतात.

काल सकाळी परिपाठ सुरू झाला आणि आजोबा आलेच नाहीत. बाबा फाटकाशी उभे, आई पुढच्या खुर्चीवर, शेजारची खुर्ची रिकामी. राहुरीच्या पुढे रस्त्याच्या कामात गाड्या अडकल्या असा बाबांना फोन आला. मला आधी वाटलं, चला, सुटले, करार मोडला. पण तेवढ्यात मॅडमनी माझं नाव घेतलं. आणि मी गेले. का गेले ते मलाही सांगता येत नाही. आजोबा रस्त्यात आहेत म्हणजे त्यांनी त्यांचं केलं आहे, एवढंच डोक्यात होतं.

पहिलीची मुलं अगदी पुढे चटईवर बसतात. मी नमस्कार केला, तारीख सांगितली, आणि पॅरिसवर अडले. आजी, ओठ मिटले ते मिटलेच. मैदान इतकं शांत झालं की बाहेरून उसाची ट्रॉली गेली तिचं गाणं अख्खं ऐकू आलं. ओम रांगेत होता, माझ्यासाठी शब्द म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं. मी मान हलवली. त्यानं तोंड मिटलं. मग शब्द आला. कसा आला माहीत नाही, पण आला, आणि मागून काही जण हसलेही. पहिलीची मुलं मात्र हसली नाहीत. त्यांना वाटलं गोष्ट अशीच सांगतात.

मी सांगत गेले. मेंढीला वेळ लागला, बदकाला जास्त लागला. तिघं पिंजऱ्यात बसून वर गेले आणि तेवढ्यात घंटा झाली. मागचे वर्ग उठायला लागले. मुख्याध्यापक आबासाहेब सर घड्याळाकडे बघत पुढे आले. पण चटईवरून कुणीच उठेना. एक छोटी मुलगी, लाल रिबिनींच्या दोन वेण्या, ती सरांकडे न बघता मला म्हणाली, ती खाली आली का न्हाई? मेंढी मेली का?

ती धनश्री. पाथर्डीकडची आहे. कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्यात ना, तिथली. गेल्या आठवड्यात पहिलीत आली. मी म्हणाले, नाही मेली, सगळे खाली आले. तर ती म्हणाली, मग आधी सांगायचं ना. मग सगळीच विचारायला लागली. कोंबडा वर आरवला का. राजा स्वतः का नाही गेला. वर भूक लागली तर काय. मी उत्तरं देत गेले. आबासाहेब सर उभे होते ते खाली बसले, चटईच्या कडेलाच. किती वेळा अडखळले ते मला सांगता येणार नाही. नंतर ओमला विचारलं, तो म्हणाला, मी कोंबड्याच्या नादात होतो.

शेवटी सर म्हणाले, उरलेलं उद्या. शाळेत दिनविशेष दुसऱ्या दिवशी पुरवून सांगायची ही पहिलीच वेळ, असं मॅडम म्हणाल्या. आणि त्यामुळे आजोबांना आज ऐकता आलं. त्यांचं तेच लिहितील.

वड्या पोचल्या. वर्गात वाटल्या, मला एकच मिळाली. आणखी कर.

तुझी,
अनन्या


राहाता,
२२ नोव्हेंबर २०२५

सौ. प्रेमलास,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुला पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवेना, म्हणून मायना जुनाच लिहिला. चालवून घे.

काल गाडी अडकली तेव्हा मला त्रास व्हायला हवा होता, पण झाला नाही. मी एसटीत बसून ऐकत होतो. मागच्या बाकावर एक बाई सुनेबद्दल बोलत होती, तिची सगळी हकिकत मला आता पाठ आहे. सून चांगली वाटते. खिडकीची काच किती वाजते, कंडक्टर तिकीट फाडतो त्याचासुद्धा आवाज होतो. पोचलो तेव्हा परिपाठ होऊन गेला होता. फाटकात माझा चेहरा उतरला. पण अनन्या धावत आली आणि म्हणाली, आजोबा, उरलंय अजून.

आज सकाळी पुढच्या खुर्चीवर बसलो. तिनं फोनोग्राफ सांगायला घेतला आणि त्याच शब्दावर थांबली. प्रेमला, इतके दिवस फोनवर ती थांबायची तेव्हा मला वाटायचं लाईन गेली, आणि मी हॅलो हॅलो करायचो. आज ते थांबणं मी पहिल्यांदा ऐकलं. ते रिकामं नसतं. बारीकसा आवाज येत असतो, श्वास ओढला जात असतो, पोरगी आत केवढं काम करत असते. आणि मी त्यावर हॅलो हॅलो ओरडत होतो. माझे डोळे भरून आले, ते यंत्राच्या बॅटरीचं निमित्त करून पुसले.

मैदानात कुणी हूं की चूं केलं नाही. रिबिनवाली मुलगी शेजारच्या मुलाच्या तोंडावर हात ठेवून बसली होती. शब्द आला. मग सुई, पत्रा, ढोल सगळं तिनं सांगितलं, माझ्यापेक्षा बरं. एडिसनला ऐकू येत नव्हतं म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. मग काय, सगळा वर्ग माझ्याभोवती. यंत्र काढून दाखवलं. एकानं विचारलं, यात गाणी लागतात का. मग तिनं थुंब्याचं रॉकेट उडवलं. नारिंगी ढग म्हटल्यावर सगळ्या माना वर गेल्या, माझीही. वर नुसतं निळं होतं, शिर्डीला उतरणारं एक विमान तेवढं गेलं. त्याचाही आवाज ऐकला.

बुधवारी येतो. तोवर भांडी हळू ठेव, मला आता कळतं तू कधी रागावलेली असतेस.

तुझा,
शामकांत


राहाता,
२९ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबा आणि आजी,
दोघांना शि. सा. न. वि. वि.

आजोबा सुखरूप पोचल्याचं कळलं. फोनवर आपण बोललो तेव्हा मी दोनदा थांबले आणि तुम्ही एकदाही हॅलो म्हणाला नाहीत. तरी पत्र लिहिते, कारण ही गोष्ट फोनवर मावणार नाही.

तुम्ही गेल्यापासून मधल्या सुट्टीत पहिलीची मुलं माझ्यामागे लागली आहेत. प्रत्येकाला आपल्या वाढदिवसाला काय झालं होतं ते हवं आहे. मी आणि ओम दोघे मिळून शोधतो, मी सांगते. धनश्रीही आली. शाळेच्या दाखल्यावर तिची तारीख एक जून आहे. मला वाटलं, चला, एक जून तर झकास दिवस आहे. १९४८ साली त्या दिवशी आपल्या राज्याची पहिली एसटी धावली, तीही आपल्याच नगर आणि पुण्याच्या मध्ये. मी रंगवून सांगितलं. ती म्हणाली, यष्टी तर रोजच जाती. आणि पुढे म्हणाली, एक जूनला आमच्यातले लई जन झालेत, समदी कोपी एक जूनला झालीय. तो माझा न्हाई. तो गुरुजींनी लिवलाय.

मॅडमनी मला समजावलं की ज्यांना मुलाची तारीख सांगता येत नाही त्यांची शाळेत नाव घालताना बरेचदा एक जून लिहून टाकतात. मग खरी तारीख कोणती? गुरुवारी तिची आई लंकाबाई तिला सोडायला आली होती, मॅडमनी तिला विचारलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, बाई, तारीख कुनाला ठावं. गाळप नुकतंच सुरू झाल्तं, थंडी लई हुती, आमी उसाच्या फडावर हुतो आनि ही झाली. हिचे वडील बिभीषण मोळी टाकून पळत आले, एवढं याद हाय. मॅडम म्हणाल्या, म्हणजे नोव्हेंबरच धरा.

धनश्रीनं हे ऐकलं आणि लगेच म्हणाली, मग मला एकवीस द्या. मेंढीवाला.

आजोबा, मी तिला नीट सांगितलं की मेंढी सप्टेंबरात गेली, एकवीसला माणसं गेली. ती म्हणाली, मग मेंढीला बी आपल्यातच घ्या. मला हसू आलं, पण खरं सांगते, मी लगेच हो म्हणाले नाही. तो माझा दिवस होता. पंधरा दिवस त्याची भीती वाटली, मग तो इतका माझा झाला की कुणाला द्यावासा वाटेना. मी तिला बावीस आणि तेवीस शोधून देते म्हणाले. तिनं नुसती मान हलवली. ती रडली वगैरे नाही, माझ्याकडे बघत राहिली, शब्द यायची वाट बघावी तशी.

मी म्हणाले, घे.

आमच्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर मॅडमनी माझ्या दिनविशेषाचा मोठा कागद लावला आहे. १७८३ ला फुगा, १८७७ ला फोनोग्राफ, १९६३ ला रॉकेट, प्रत्येकाचं चित्र. शुक्रवारी मॅडमनी धनश्रीला उचलून घेतलं आणि हातात स्केचपेन दिला. तिला अजून सगळी अक्षरं येत नाहीत, धनश्री लिहिताना श्री राहिला, तो मी हात धरून काढून घेतला. खाली तिनं लिहिलं, 'धनश्री झाली'. मॅडमनी विचारलं, बाकी सगळ्यांसमोर साल आहे, तुझं कोणतं लिहायचं? तिनं पेनाचं टोपण लावलं आणि सांगितलं, साल म्हाईत न्हाई. पर झाले हे म्हाईत हाय.

बास, आता जेवायला हाक आली. दोघांनीही थंडीत जपा आणि माझ्यावर आहे तेवढी माया तिच्यावरही करा, म्हणजे पुढच्या वर्षी वड्या दोन डबे लागतील.

तुमची,
अनन्या